विरघळणारं कापड

"हे कापड न्हाई," दादा म्हणाला, "ही फसवणूक हाय."

त्याच्या चिमटीत मी तयार केलेल्या जाळीचा तुकडा होता. नखाएवढा, पांढरा, कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखा. दादानं तो चोळला, गालाला लावला, कानाजवळ नेऊन हलकेच ताणला. इचलकरंजीत कापडाची परीक्षा अशीच करतात. डोळ्यांचं काम त्यात सगळ्यात शेवटी येतं, आणि दादाच्या बाबतीत ते आता येतच नव्हतं.

"सूत किती काउंटचं?"

"केसाचे शंभर भाग केलेस तर त्यातल्या एकाएवढं."

"मग ते सूत न्हवं. धूर."

"धूर तर धूर. त्याच्यावर तुझ्या डोळ्यातल्या पेशी वस्तीला येणार आहेत."

"आणि टिकतंय किती?"

"टिकत नाही. पेशी वाढल्या, एकमेकींना धरून बसल्या, की खालचं कापड आपोआप विरघळून जातं."

दादानं तुकडा माझ्या तळहातावर परत ठेवला. "असला माल आमच्या मालकानं धाडला असता, तर अहमदाबादच्या व्यापाऱ्यानं गाठी तशाच माघारी लावल्या असत्या. विरघळणारं कापड. आणि ह्याच्यासाठी तुला इंजिनीयर केली."

मी हसले. वैनी हसली नाही. ती दाराशी पर्स पोटाशी धरून उभी होती, आणि दादाच्या चेहऱ्याकडे न बघता माझ्या तळहाताकडे बघत होती. त्या तुकड्याकडे ती ज्या नजरेनं बघत होती, त्या नजरेनं आमच्यात चौंडेश्वरीच्या मूर्तीकडे बघतात.

माझा दादा, मुरारी बुगड, जॉबर होता. जॉबर म्हणजे मागाचा डॉक्टर. शेडमधले सगळे माग एकदम खडखडत असताना त्यातला कुठला बिघडायच्या बेतात आहे हे तो दारात उभा राहून सांगायचा. पुढं मालकानं जुने माग भंगारात घातले आणि दादाला स्वतःच्याच प्रोसेस हाउसला नेलं, कापड धुण्याच्या खात्यात. त्याच्या आदल्या वर्षी खंडेनवमीला गावातलं झाडून प्रत्येक मशीन बंद होतं. धुतलेलं, पुसलेलं, हळदकुंकू लावलेलं. आमच्याकडे त्या दिवशी हत्याराला आणि यंत्राला विसावा असतो. कुणी पाना उचलत नाही, कुणी बटण दाबत नाही. पण मालकाची निर्यातीची ऑर्डर होती. तो म्हणाला, देवीला मी समजावतो, तुम्ही काम चालू ठेवा. दुपारी कॉस्टिक सोड्याच्या पाइपचा जोड गळायला लागला. दादा तो आवळायला गेला, आणि जोड त्याच्या तोंडावर सुटला.

उजवा डोळा तिथंच गेला. डाव्यावर दुधाच्या सायीसारखा जाड पडदा आला. वैनी तेव्हा पोटुशी होती. कल्याणी जन्मली ती दादानं हातांनीच बघितली.

"मशीननं घेतलं," दादा म्हणायचा. "त्याचा विसाव्याचा दिस होता. त्याला राबवलं, त्यानं घेतलं."

मालक मात्र म्हणायचा की जोड चिनी होता.

डाव्या डोळ्याच्या कडेला, बुबुळाच्या काठावर, एक बारकी फाक जिवंत राहिली होती. मिरजेच्या डॉ. मगदूम बाईंनी तिच्यातला तिळाएवढा तुकडा काढून दिला. त्यातल्या मूळ पेशी माझ्या जाळीवर वाढवायच्या, आणि दसरा झाला की ती चकती त्याच्या डोळ्यावर बसवायची. बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "माला, दुसरा तुकडा मी काढणार नाही. काढला तर उरलीसुरली फाकही जाईल. जे काय आहे ते ह्या बशीत आहे."

ते मी घरी सगळ्यांना सांगितलं होतं. दादालाही.

आमची प्रयोगशाळा संस्थेच्या टेक्स्टाइल कॉलेजात तळमजल्यावर होती, एकेकाळच्या कॅरम रूममध्ये. प्रमुख होते डॉ. प्रभुदेसाई सर, पुण्याचे. पेशींच्या बाबतीत देवमाणूस, माणसांच्या बाबतीत पेशींचा माणूस. त्यांना जगात एकाच गोष्टीची भीती होती, ती म्हणजे जंतू. दुसरी भीती त्यांना इचलकरंजीत आल्यावर लागली, ती म्हणजे संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब.

खोलीचे सरांनी काच घालून दोन भाग केले होते. बाहेरच्यात माझं सूत काढायचं यंत्र, आणि आतल्यात उबवणीचं कपाट. पेशी त्या कपाटात राहायच्या. आत जाताना चप्पल बाहेर, हातपाय स्वच्छ, केस झाकलेले, अंगावर धुतलेला झगा, आणि बोलायचं नाही. आबासाहेब पहिल्यांदा बघायला आले तेव्हा त्यांना बाहेरच थांबवायची वेळ आली, आणि अध्यक्षांना थांबवायचं कसं, ह्या घाबरगुंडीत सर म्हणून गेले, "म्हणजे, आबासाहेब, सोवळं समजा."

आबासाहेबांनी तिथल्या तिथं चप्पल काढली. मग सेक्रेटरीला काढायला लावली. काचेला नाक लावून त्यांनी कपाटाला हात जोडले.

"गाभाराच की ओ हा," ते म्हणाले.

त्या दिवसापासून कॉलेजातली पोरं परीक्षेला जाताना आमच्या दाराला हात लावून छातीला लावायची. कुणीतरी उंबऱ्यावर रुपयाचं नाणं ठेवलं. सरांनी ते स्पिरिटनं पुसून वॉचमनला दिलं.

दादाला मी त्या आतल्या खोलीत नेलं होतं. त्याच्याच तर पेशी, त्याला कोण अडवणार. पण माझ्या बोलण्यावर तो कुठला भागतोय. त्याला यंत्र हातानं बघायचं होतं. त्यानं कपाटाच्या अंगावरून दोन्ही हात फिरवले, बिजागऱ्या चाचपल्या, मूठ धरून बघितली, मागं हात घालून वायर शोधली, आणि बटणावर बोट थांबवलं.

"हे चालू-बंद?"

"हो. दाबू नकोस."

"मी जॉबर हाय, गिऱ्हाईक न्हाई." त्यानं कान लावला. "पंखा गोड चालतोय. आत काय हाय?"

"बशी आहे. बशीत तुझं कापड."

"म्हणजे मागच की हा. कापड मागावर, माग शेडमध्ये."

"तसंच काहीसं."

"मग मला समजला," दादा म्हणाला, आणि पाठीवर थाप मारावी तशी त्यानं कपाटावर हळूच थाप मारली.

घरी जाताना रिक्षात मी विचारलं, "दादा, डोळा आला की पहिल्यांदा काय बघणार?"

"तुझं कापड. बघतो तर खरं, दिसतंय का."

"ते डोळ्यावरच असणार. आणि विरघळलेलं असणार."

"मग लेकीला बघतो. कापडापेक्षा बरी असंल."

वैनी रिक्षाच्या दुसऱ्या बाजूला तोंड करून बसली होती. ती म्हणाली, "आणि मला न्हाई व्हय बघायचं?"

"तुला काय बघायचंय? तू पाठ हाईस मला."

खंडेनवमी जवळ आली तसा आबासाहेबांचा निरोप आला. संस्थेच्या सगळ्या यंत्रांची पूजा जोरात व्हायची, आणि त्यात मानाची पूजा आमच्या गाभाऱ्याची. लाभार्थीला बोलवा. फोटो काढायचेत.

सर दिवसभर खुर्चीत बसून होते. मग उठून वाटाघाटीला गेले, आणि आले ते युद्ध हरून तह जिंकल्यासारखे.

"उदबत्ती नाही," ते म्हणाले. "ते मान्य झालं. पूजा बाहेरच्या खोलीत. नारळ फोडायचा नाही, फक्त ठेवायचा. आत एकच माणूस, तुमचे बंधू, झगा घालून. ते कपाटाला एकच बोट लावतील आणि बाकीचे काचेतून बघतील."

"आणि हळदकुंकू?"

"निर्जंतुक करायचं," सर म्हणाले.

मला वाटलं ते चेष्टा करतायत. सर कधीच चेष्टा करत नसत. त्यांनी पाव किलो हळद आणि पाव किलो कुंकू आमच्या निर्जंतुकीकरणाच्या कुकरमध्ये घातलं. झाकण उघडल्यावर हळदीचा लाडू झाला होता आणि कुंकवाला पाणी सुटून त्याची कढी झाली होती. सरांनी ते बशांमध्ये काढलं, वर झाकण ठेवलं, आणि प्रत्येक बशीवर तारीख घातली. नारळ त्यांनी शेंडीसकट स्पिरिटनं पुसला. पुन्हा एकदा पुसला. शेंडी ओली गच्च झाली.

"आता ह्याच्यावर काहीही जगणार नाही," ते समाधानानं म्हणाले.

नवमीला सकाळी मी लवकर जाऊन पेशींना ताजं पाणी दिलं. पाणी म्हणजे त्यांचं खाणं, ते दोन दिवस पुरतं. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. माझ्या धुरासारख्या सुतावर पेशींनी एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून अंथरूण घातलं होतं, कुठं फट म्हणून नव्हती. मी आजवर घातलेलं सगळ्यात चांगलं कापड ते होतं, आणि त्यात माझा धागा आता जवळपास उरलाही नव्हता. बशी कपाटात ठेवली, दार लावलं. वर लाल आकडे सदतीस दाखवत होते.

वैनी दादाला घेऊन आली. नवा पांढरा शर्ट, कपाळाला गंध. मी त्याला झगा घातला, टोपी घातली, आत स्टुलावर बसवला आणि हळदकुंकवाची बशी हातात दिली.

"हे काय चिखल दिलाय?"

"निर्जंतुक आहे."

"देवीला कळंल ना हे हळद हाय म्हणून?"

"कळेल. बोट लाव आणि बसून राहा. मी न्यायला येते."

बाहेर आबासाहेब, सेक्रेटरी, फोटोग्राफर, प्राचार्य आणि अर्धं कॉलेज. सरांनी नारळाची शेंडी आणखी एकदा स्पिरिटनं भिजवली, मग गुरुजींनी मंत्र म्हटले. काचेपलीकडे दादानं कपाटाला बोट लावलं, फोटो निघाला, टाळ्या पडल्या. सर कपाळावरचा घाम पुसत माझ्याकडे बघून चक्क हसले. इथवर सगळं ठरल्याप्रमाणं झालं होतं.

उदबत्ती नको असं ठरलं होतं. कापराचं कुणी बोललं नव्हतं.

सेक्रेटरीनं खिशातून कापूर काढला, पेटवला आणि आरतीचं ताट आबासाहेबांच्या हातात दिलं. आबासाहेबांनी ताट भक्तिभावानं ओवाळलं, नारळाच्या शेंडीवरून. शेंडीला निळी ज्योत आली. आवाज नाही, धूर नाही. नारळ नुसता निळा होऊन बसला.

"प्रकटली," गुरुजी म्हणाले.

आबासाहेबांनी ताटासकट साष्टांग घातला. त्यांच्या मागं प्राचार्यांनी घातला. सर मात्र भिंतीवरचा लाल सिलिंडर उपटायला धावले. त्यांनी तो आयुष्यात पहिल्यांदाच हातात धरला असावा, कारण नळीचं तोंड कुठल्या बाजूला आहे हे ठरायच्या आत चाप दाबला गेला. पांढऱ्या पावडरीचा लोट निघाला तो आधी साष्टांग घातलेल्या आबासाहेबांच्या पाठीवर, मग गुरुजींच्या तोंडात, मग फोटोग्राफरवर. नारळ तेवढा राहिला. तो आपला शांतपणे जळत होता.

माणसं एकमेकांवर पडत बाहेर पळाली. आबासाहेबांच्या डोळ्यात पावडर गेली होती. त्यांना मैदानावरच्या नळाखाली वाकवून मी आणि सर त्यांच्या डोळ्यांवर पाणी मारत होतो, आणि ते वाकल्या वाकल्या सरांची बदली कुठं करायची ह्याची गावं सांगत होते.

थोड्या वेळानं मी परत गेले. बाहेरच्या खोलीत सगळीकडे पांढरं. काचेवर पावडरीचा थर बसलेला, आतलं काही दिसत नव्हतं. मी दार उघडायला गेले तर मागून सर ओरडले, "पूर्ण उघडू नकोस. पावडर आत जाईल. त्यांना फटीतून बाहेर काढ, आणि धूळ बसेपर्यंत कोणीही आत जायचं नाही."

मी फटीतून हात घातला. दादाचा हात सापडला. तो आडवा होऊन बाहेर आला, पांढऱ्या झग्यात, अगदी निवांत.

"काय झालं गं एवढं?"

"नारळ पेटला."

"पेटतो कधी कधी," दादा म्हणाला. "पूजा झाली की न्हाई?"

"झाली."

"मग बास."

सरांनी बाहेरच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यात अडकवली.

दसऱ्याला मी दादाकडेच जेवले. वैनीनं श्रीखंड केलं होतं. शेजारचे सोनं द्यायला आले, दादानं प्रत्येकाला आपट्याचं पान देताना सांगितलं, "पुढच्या दसऱ्याला तुमचं तोंड बघून देणार. कुणाला किती द्यायचं ते तोंडावर ठरंल." कल्याणी त्याच्या मांडीवर बसून पानं चघळत होती. तो तिच्या नाकावरून बोट फिरवत म्हणाला, "नाक आमच्या आईचं हाय. बघून खात्री करायची राहिलीय तेवढी."

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी कुलूप काढलं. पावडर बसली होती. आम्ही नाकातोंडाला रुमाल बांधून, पाऊल न वाजवता आत गेलो.

आवाज नव्हता. पंखा चालतो तेव्हा कळत नाही, थांबला की कळतं. लाल आकडे नव्हते. कपाटाचं दार बोटभर उघडं होतं. बशीतलं पाणी आटून कडेला पिवळा डाग पडला होता, आणि मधोमध, जिथं ते अंथरूण होतं, तिथं हिरवट लव आली होती. भाकरीवर येते तशी.

सर स्टुलावर बसले. मग स्टुलावरून जमिनीवर बसले.

"कोणी?" ते म्हणाले.

मी म्हटलं, "तुमचा सिलिंडर."

"सिलिंडर बटण दाबत नाही, माला. तू सकाळी दार नीट लावलंस?"

"लावलं. सदतीस बघितलं."

"मग वॉचमन. मग तो सेक्रेटरी. मग..." आणि सर, ज्यांनी मला सहा महिने झग्याशिवाय ह्या खोलीत शिंकू दिलं नव्हतं, ते झग्याच्या बाहीत तोंड घालून रडायला लागले.

चौकशी समिती बसली. समितीनं वॉचमनला बोलावलं, सेक्रेटरीला बोलावलं, वायरमनला बोलावलं. वायरमननं सांगितलं की वीज गेली नव्हती. गुरुजींनी सांगितलं की देवी प्रकटली होती आणि सरांनी तिच्यावर पावडर मारली. समितीला एकच गोष्ट सगळ्यांच्या जबानीत सापडली, ती म्हणजे नारळ. शेवटी दोष नारळावर आला. संस्थेच्या आवारात नारळ आणायला बंदी झाली. कँटीनमधल्या इडलीबरोबरची चटणी बंद झाली. पोरांनी त्याच्याविरुद्ध मोर्चा काढला. सरांची बदली झाली आणि आमच्या खोलीत परत कॅरम आला.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी मी बशी कागदात गुंडाळली आणि दादाच्या घराकडे चालत निघाले. रिक्षा केली नाही. काय सांगायचं, कोणाचं नाव घ्यायचं, ह्याची मनात जुळवाजुळव चालली होती. कोणाचंही घेतलं असतं तरी दादा दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात जाऊन उभा राहिला असता, आणि मला ते हवं होतं. कुणीतरी त्याच्यापुढं मान खाली घालून उभं राहावं असं मला फार वाटत होतं.

दादा बाहेरच्या सोप्यात खुर्चीत बसला होता. माझं पाऊल त्यानं ओळखलं.

"ये. मशीन नीट सुरू झालं का गं?"

मी उंबऱ्यातच थांबले.

"काय म्हणालास?"

"मशीन. दोन दिस विसावलेलं असतंय, पहिल्यांदा जरा आवाज करतंय. घाबरायचं न्हाई." तो पुढं वाकला, आणि घरात कोणी ऐकू नये अशा आवाजात, खुशीत म्हणाला, "तुमच्यातल्या एकाच्या तरी ध्यानात होतं का? पूजा केली, फोटो काढलं, आरती केली, आणि मशीन आपलं चालूच. गावातला एक एक माग बंद, आणि माझं एकटं राबतंय. मी आत बसून ऐकतोय. परत तेच, माले. परत खंडेनवमीला चालू. माझ्या अंगावर काटा आला."

मी उंबरा ओलांडून आत आले.

"तुम्ही समदे पळाला. म्हटलं, बरं झालं. उठलो, मागं हात घातला, बटण ठाऊकच होतं. बंद केलं. दार इवलंसं उघडं ठेवलं, आतली वाफ जायला, न्हाईतर गंज धरतंय. आणि ते बोट लावायला दिलेलं न्हवं, तुझी निर्जंतुक हळद, ती मागल्या अंगाला चांगली चारी कोपऱ्याला लावली. हात जोडलं. म्हटलं, बाबा, तू विसाव. गेल्या साली चुकलं, औंदा चुकणार न्हाई." तो मागं रेलला. "कापडाची काळजी न्हवती. माग थांबला म्हणून मागावरचं कापड मरतंय व्हय?"

वैनी आतल्या दारात आली होती. तिच्या हातात चहाचा कप होता. तिनं माझ्या हातातला कागद बघितला, मग माझं तोंड बघितलं. मी कधी पेशींबद्दल तिला फार काही समजावलं नव्हतं. तिनं कधी विचारलंही नव्हतं. पण तिनं कप कोनाड्यात ठेवला, इतक्या हळू की दादालासुद्धा ऐकू गेलं नसेल, आणि माझ्याकडे बघून मान हलवली. नाही, अशी. एकदाच.

"सुरू झालं का?" दादानं परत विचारलं.

"झालं," मी म्हणाले. "आवाज केला जरा. मग झालं."

"बघ. मी म्हटलं न्हवतं?"

"पण दादा, कापड..."

"काय?"

"कापड फाटलं. मशीनचा काही दोष नाही. माझं सूत कच्चं निघालं. पेशींचा भार घेतला नाही त्यानं. मधून गेलं."

 दादाचे हात खुर्चीच्या हातांवर होते, ते उचलले गेले आणि परत खाली आले. आत पाळण्यात कल्याणी जागी झाली, कुरकुरली. वैनी गेली नाही.

"सगळं?" तो म्हणाला.

"सगळं."

"आणि बाई दुसरा तुकडा..."

"नाही म्हणाल्या होत्या ना."

"म्हणाल्या होत्या," दादा म्हणाला.

 मला वाटलं तो आता ओरडेल. पण तो जॉबर होता, आणि बिघडलेल्या मालापुढं जॉबर जे करतो तेच त्यानं केलं. त्यानं हात पुढं केला. "बघू."

मी कागदातल्या बशीतून सुकलेला तुकडा नखानं सोडवला, लव पुसली आणि त्याच्या बोटात दिला. त्यानं तो चोळला. तुकड्याचा चुरा झाला.

"काउंट लईच बारीक धरलास," तो म्हणाला. "मी पहिल्या दिवशीच सांगितलं तुला. धुराचं कापड होत न्हाई."

"हो."

"जरा जाड धरलं असतंस तर..."

"हो दादा."

"रडू नगं. होतंय असं. नव्या जॉबरचा पहिला माल नेहमी परत येतोय." त्यानं चाचपत माझं डोकं शोधलं आणि त्यावर हात ठेवला. त्याच्या बोटांना अजून हळदीचा वास होता. "पण जाड धरायला पायजे होतंस, माले."

प्रभुदेसाई सर निवृत्त झाल्यावर एकदा भेटले. म्हणाले, "तुला कधी कळलं का गं, बटण कोणी बंद केलं?" मी म्हटलं, "नारळानं, सर." ते हसले नाहीत. पण मी आधीच सांगितलं, ते कधीच चेष्टेतले नव्हते.

दादा आता पन्नाशीला आला. घरी नवा पाहुणा आला की तो माझी ओळख करून देतो. आमची माला. मोठी इंजिनीयर. माणसाच्या डोळ्याचं कापड विणायची, पण सूत कच्चं निघालं. तो हे रागानं म्हणत नाही, आमच्या घराण्यात असं कसं झालं ह्याचं त्याला खरंच नवल वाटतं. पाहुणा माझ्याकडे बघतो. वैनी चहा आणायला उठते.

आणि दर खंडेनवमीला सकाळी तो आंघोळ करून घरभर फिरतो. भिंतीला हात लावत, एक एक बटण शोधत. पंखा, मिक्सर, इस्त्री, टीव्ही, पाण्याची मोटर. सगळ्यांना बंद करतो, हळदकुंकू लावतो. शेवटी फ्रिज. बटण बंद, दार बोटभर उघडं. ते दसऱ्याची पूजा होईपर्यंत तसंच. आम्ही सगळे हातपंख्यानं वारा घेत बसतो. दसऱ्याला पहाटे वैनी नासलेलं दूध मागच्या दारी ओतते आणि नवं आणते.

कल्याणी पाच-सहा वर्षांची असताना, अशाच एका दसऱ्याला, ती स्वयंपाकघरातून पातेलं घेऊन बाहेर आली. दादा सोप्यात बसला होता, मी त्याच्या शेजारी.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही फ्रिज बंद केला ना, म्हणून..."

वैनी कुठून आली मला दिसलं नाही. तिनं पोरीच्या तोंडावर हात ठेवला, आणि दुसऱ्या हातानं पातेलं काढून घेतलं.

दादानं मान वळवली. "काय म्हणती गं ती?"

"काही न्हाई," वैनी म्हणाली. "सोनं मागतीया."

दादानं हसत शर्टाच्या खिशात हात घातला, आपट्याचं पान काढलं, आणि पोरगी जिथं उभी नव्हती तिथं पुढं धरलं.